कड नसलेला धपाटा

माझ्या आत्याच्या हातचे मेथीचे धपाटे ज्यांनी खाल्लेत, त्यांतल्या निम्म्या लोकांवर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढे कोणी म्हणायला नको की थॉमस मास्तरांची नॅन्सी गोड बोलता बोलता चिमटे काढते. गोड बोलायचं माझ्या मनातच नाही.

आत्याचं नाव एस्तेर. राहणार देवळाली प्रवरा, चर्चमागची गल्ली, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. नवरा लवकर वारला, मुलगा डॅनी पुण्याला नोकरीला. तिनं उभा जन्म मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाक केला आणि आता घरी बसून गल्लीला शिस्त लावते. उंची बेताची, आवाज मात्र कालव्याच्या पलीकडे जाणारा. भाजीवाल्यानं जुडीच्या पोटात जून, फुलावर आलेली मेथी दडपली असेल तर ती जुडी त्याच्याच हातगाडीवर आपटते, आणि तो मुकाट्यानं दुसरी देतो.

आता धपाट्याचं. मेथी बारीक पानाची, गावरान. निवडायला सगळे बसायचे, चिरायची मात्र तिनं एकटीनं, आणि तीही तवा तापल्यावर. ज्वारीचं पीठ, त्यात मूठभर गव्हाचं, मूठभर बेसन, लसूण-मिरची-जिऱ्याचा ठेचा, तीळ, आंबट ताक. पाटावर ओलं फडकं पसरून त्यावर ती धपाटा थापते, मधे बोटानं भोक पाडते, फडक्यासकट उचलून तव्यावर पालथा घालते आणि फडकं सोलून घेते. भोकात तेल, कडेनं तेल. मग तो वास गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि ज्यांना काही काम नाही ते आत्याच्या पडवीत काम काढून येतात. धपाटा कडवट लागतो, जिभेला मिरची झोंबते, वरून दही घ्यावं लागतं, आणि तरी हात थांबत नाही. मी शाळेत मुलांना शिकवते, चार गावचं खाल्लंय, लग्नानंतर श्रीरामपूरला राहते, पण मेथीची पहिली जुडी बाजारात दिसली की माझे पाय देवळालीच्या गाडीकडे वळतात.

ह्या धपाट्याचा मधला भाग मऊ राहतो आणि कड कुरकुरीत होते. आमच्या घरात कडांवरून मारामाऱ्या झाल्यात. पप्पा, म्हणजे माझे वडील आणि आत्याचे धाकटे भाऊ, लहानपणापासून गोल फिरवत नुसत्या कडा मोडून खायचे आणि मधला भाग दुसऱ्याच्या ताटात सरकवायचे. मास्तर झाले, रिटायर झाले, चर्चचे सेक्रेटरी झाले, ती खोड गेली नाही. आजीच्या तोंडातले दात गेल्यापासून तर मायलेकांचं छान जमायचं. मधलं तिचं, कडा ह्यांच्या.

पण आत्याचा खरा मान धपाट्यात नव्हता. गल्लीत कोणी आजारी पडलं की पहिलं बोलावणं तिला यायचं. बोर्डिंगातल्या किती पोरींच्या कांजिण्या तिनं काढल्या होत्या. महिला मंडळाच्या बाकीच्या बाया आजाऱ्याकडे जायच्या, प्रार्थना करायच्या, चहा घ्यायच्या आणि निघायच्या. आत्या पदर खोचून थांबायची. पेज शिजवायची, कूस बदलून द्यायची, केस विंचरायची, आणि बेसूर आवाजात गीत म्हणायची, ते ऐकूनच आजारी माणूस लवकर बरं होतं असं आम्ही म्हणायचो. बोलावणं आलं नाही असा आठवडा गेला तर ती उगाच भांडी आपटायची.

आणि हेच तिच्याकडून काढून घेतलं गेलं. कोणी घेतलं ते सांगायलाच मी बसलेय.

आजी गावातच, आमच्या घरी असायची. तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की काही दिवस फक्त पातळ पेज आणि ताक. मेथीचे दिवस होते. आत्यानं नेहमीसारखा धपाट्यांचा डबा आमच्याकडे आणला, तो स्वयंपाकघरात ठेवला, आजीला स्वतःच्या हातानं पेज पाजली, आणि कोणी हिला घन काही देऊ नका म्हणून सगळ्यांना दम देऊन ती घरी गेली. पहाटे आजी गेली. झोपेतच गेली. डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं की हृदय थांबलं, खाण्याचा त्यात काही संबंध नाही. पण ते सांगेपर्यंत घर माणसांनी भरलं होतं, आत्या उशाशी बसली होती आणि आजीच्या खाटेजवळच्या स्टुलावर एक ताटली होती, ताटलीत धपाट्याचा उरलेला तुकडा होता.

महिला मंडळाच्या अध्यक्षीण दगडाबाई. त्यांची नजर घारीची. त्यांनी ताटली उचलली आणि विचारलं, हे म्हातारीला कोणी दिलं. पप्पा म्हणाले, "एस्तेरनं आणले होते."

एवढंच. शब्दन्‌शब्द खरा. सरळ खोटं बोलायला निदान छाती तरी लागते.

कबरस्तानात माती टाकताना दगडाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या की मायेपोटी का होईना, लेकीनंच आईला घालवली. आत्यानं तिथंच सांगितलं की मी घास दिलेला नाही. कोणी मानलं नाही. बोर्डिंगात ती पोरींना चोरून खाऊ घालायची हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ते पटायला सोपं गेलं. तिनं पप्पांकडे पाहिलं. पप्पा बुटाला लागलेली माती बघत होते. मी पाहिलं ते, आणि मला वाटलं, बिचारे दुःखात आहेत.

त्यानंतर आत्याला बोलावणं येणं बंद झालं. कोणी तोंडावर काही म्हणालं नाही. ती दारात गेली की आतून यायचं, आत्ताच डोळा लागलाय, नंतर या. चार-पाच दारांतून अशी परतल्यावर तिनं जाणं सोडलं. पप्पांशी बोलणंही सोडलं. चर्चमध्ये ती डावीकडे बसायची, ते उजवीकडे, आणि सलाम करायची वेळ आली की ती माझ्या आईला सलाम करायची, मला करायची, आणि पप्पांच्या अंगावरून नजर पलीकडे न्यायची.

आता मला राग कशाचा येतो ते ऐका. आमच्याकडे नाताळाच्या आधी हंगामाचा सण असतो. ज्याच्या रानात जे पिकलं, घरात जे झालं, ते देवापुढे आणायचं. वेदीपुढे उसाच्या मोळ्या, भोपळे, कणसं, अंडी, एखादा पाय बांधलेला कोंबडा असं सगळं मांडतात आणि उपासना झाली की तिथंच लिलाव. लिलाव सेक्रेटरीनं पुकारायचा अशी पद्धत, म्हणजे माझे वडील. आत्या दर वर्षी धपाट्यांचा डबा आणायची. आजी गेली त्या वर्षीही आणला. आणि जी माणसं तिला आजाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकू देत नव्हती, तीच त्या डब्यावर तुटून पडायची. बोलीवर बोली. मागच्या बाकांवरची पोरं शिट्ट्या मारायची. स्वतः निरोगी असलं की एस्तेरच्या हातची चव, आणि घरात कोणी निजून असलं की एस्तेरच्या हाताची भीती.

पप्पा तो डबा वर धरायचे आणि म्हणायचे, "हा एक डबा." बाकी प्रत्येक वस्तूचं ते कौतुक करायचे, भोपळ्यावरसुद्धा कोटी करायचे, मास्तरच ते. डब्याच्या वेळी मात्र त्यात काय आहे, कोणाचा आहे, काही नाही. मला वाटायचं बहिणीवरचा राग आहे. आणि घरी त्यांनी मेथी खाणं सोडलंय ते आजीच्या दुःखानं, असं मी कौतुकानं नवऱ्याला सांगायचे. जळलं ते कौतुक.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात सणाच्या आदल्या आठवड्यात मी माहेरी आले. मी आणि आई, मरिया तिचं नाव, पडवीत मेथी निवडत बसलो होतो. पप्पा जेवणार नाहीत म्हणून आई त्यांच्यासाठी वेगळी भाजी टाकणार होती. मी म्हणाले, एवढं काय त्या मेथीचं. आईनं जुडीतून मान वर केली नाही. काड्या मोडता मोडताच म्हणाली की स्वतःच्या हातानं भरवल्यावर कशी गिळवंल त्यांना.

मी विचारलं, कोणाला भरवलं?

मग तिनं सांगितलं. त्या रात्री आजीनं पप्पांना जवळ बोलावलं होतं. बोर्डिंगच्या पोरींना मिळतं आणि मला मिळत नाही, असं लहान पोरासारखं रडली होती. पप्पांचं मन विरघळलं. दह्यात बुडवून मऊ मऊ तुकडे त्यांनी तिला भरवले. ती हसली, तोंड पुसून झोपली. आई दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

मी तिला विचारलं की मग तू इतकी वर्षं मूग गिळून का बसलीस. ती म्हणाली, "त्यांनीच बोलायचं हुतं ना. मी कोन मधे पडनार?"

मेथी तिथंच टाकून मी आत गेले. पप्पा पेपर वाचत होते, तो मी हातातून ओढून घेतला. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. बापाशी असं बोलू नये हे मलाही कळतं. स्वतःच्या आईला घास भरवला ह्यात पाप नव्हतं, उलट मरणाऱ्या जिवाची इच्छा पुरवली, डॉक्टरांनीही मोकळं केलं होतं. एका वाक्याचं काम होतं. ते एक वाक्य हे बोलले नाहीत म्हणून एका बाईला सगळ्या गल्लीनं दारातून परतवलं. चोर सोडून संन्याशाला सुळी. आणि दर रविवारी पहिल्या बाकावर बसून मोठ्यानं आमेन म्हणायचं. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी इतकंच म्हणाले की पहिल्या दिवशी राहिलं, मग दुसऱ्या दिवशी बोलणं अवघड झालं, आणि पुढे तर रोजच जास्त अवघड होत गेलं. मी म्हणाले, सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन.

सणाच्या दिवशी चर्च भरलेलं होतं. आत्या डावीकडे, पांढरी साडी, डोक्यावर पदर. पाळकसाहेबांची प्रार्थना झाली आणि पप्पा लिलावाला उभे राहिले. ऊस गेला, भोपळा गेला, गोरक्षनाथ नावाच्या शेजाऱ्यानं, जो दर वर्षी केवळ मौजेखातर येतो, कोंबडा घेतला. पप्पांनी त्या दिवशी एकही कोटी केली नाही. मग डबा आला. त्यांनी तो वर धरला.

"हा एक डबा," ते म्हणाले.

आणि थांबले. मी वाट पाहिली. पण लोकांना कुठं धीर आहे? मागून बोली सुरू झाल्या, चढत गेल्या, आणि सगळ्यांत वर दगडाबाईंची बोली. नातवंडं आलीत म्हणाल्या, मागं लागलीत मेथीच्या धपाट्याला. पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि ते पुकारायला लागले, "एक वार... दोन वार..."

माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. पप्पांबद्दल बोलायचं ठरवून उठले होते, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"दगडाबाई, घरात कोणी आजारी असतं तर घेतला असता का हा डबा?"

चर्चमध्ये कोंबड्याची फडफड तेवढी ऐकू येत होती. पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. तेवढ्यात पप्पांनी डबा मेजावर ठेवला.

"बस नॅन्सी," ते म्हणाले. "आईला धपाटा मी भरवला होता. एस्तेरनं नाही. तिनं देऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी भरवला, आणि सकाळी माझं तोंड उघडलं नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आत्या आता रडेल. बाकीच्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण दोघी-तिघी तिच्याकडे सरकल्या. आत्यानं त्यांना हातानं बाजूला केलं आणि सरळ वेदीपाशी चालत गेली.

"मला ठाव हुतं," ती म्हणाली.

पप्पांना कळेना. कोणालाच कळेना.

"ताटलीत जो तुकडा उरला हुता त्याला कड न्हवती. चारी बाजूंनी कड मोडलेली. आईच्या तोंडात एक दात न्हवता, थॉमस. कडा कुनी खाल्ल्या?"

आजीला भरवता भरवता, दुसऱ्या हातानं, जन्माची खोड, पप्पा कडा खात बसले होते. ते त्यांनाही आठवत नसेल. घारीच्या नजरेच्या दगडाबाईंनी ताटली उचलली, सगळ्यांनी पाहिली, आणि जे दिसायचं ते फक्त आत्याला दिसलं होतं.

"मग बोलली का नाहीस, अक्का?" पप्पांचा आवाज अगदी लहान झाला होता.

"मी का बोलू? मी न्हाई दिला म्हनून सांगितलं हुतं, तेवढं माझं काम हुतं. बाकीचं तुझं हुतं." तिनं डब्यावर हात ठेवला. "दर साली हा आनत हुते तो काय देवाला? देवाला उसाची मोळी आनली असती. तुझ्या हातात द्यायला आनत हुते. धर म्हनलं वर, सगळ्यांम्होरं. कवातरी हात भाजंल."

मी आत्याला ओळखते असं मला वाटायचं. मला वाटायचं ती बिचारी मान खाली घालून, भक्तिभावानं अर्पण आणते. बिचारी कसली? दर वर्षी निवडून, चिरून, थापून ती भावाच्या हातात त्याचंच पाप देत होती आणि डाव्या बाकावर बसून बघत होती, ह्या वर्षी बोलतो का. आणि तो दर वर्षी "हा एक डबा" म्हणून तो विकत होता.

तिनं झाकण उघडलं. वरचा धपाटा काढला आणि सावकाश, गोल फिरवत, त्याची सगळी कड मोडली. ती कड तिनं स्वतः खाल्ली, तिथंच, उभ्यानं, भरल्या चर्चमध्ये, कुरकुर आवाज करत. मधला मऊ भाग तिनं पप्पांच्या हातावर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "आईला घातलास ते खा."

पप्पांनी खाल्लं. खाताना रडत होते, नाक पुसत होते, पण पूर्ण खाल्लं. आत्या संपेपर्यंत समोर उभी होती. मग तिनं झाकण लावलं, डबा काखोटीला मारला आणि दगडाबाईंना सांगितलं की ह्या साली लिलाव नाही. दगडाबाई म्हणाल्या, एस्तेर, आमचं चुकलं. आत्या "व्हय, चुकलंच" म्हणाली आणि दाराबाहेर पडली. मी तिच्यामागं धावले. उरलेले धपाटे आम्ही दोघींनी तिच्या पडवीत बसून दह्याशी खाल्ले, आणि खरं सांगते, इतके चांगले कधीच झाले नव्हते.

लोकांना आता वाटतं की सगळं गोड झालं. चर्चमध्ये मला बाया सांगतात, बघ बाई, देवानं कसं सगळं उजेडात आणलं. देवानं नाही, मी पेपर ओढून घेतला म्हणून आलं उजेडात. पप्पा रोज संध्याकाळी आत्याच्या गल्लीत जातात, पडवीत बसतात. ती त्यांना चहा देते, बोलत नाही. मी अजून त्यांच्याशी कामापुरतं बोलते. आईशीही मी दोन महिने धड बोलले नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

परवा मी आत्याकडे गेले होते. चुलीवर पेज रटरटत होती. मी तिला विचारलं, राग गेला का गं आता?

"जायला तो काय पाव्हना हाय?" ती म्हणाली.

पेज तिनं किटलीत ओतली, पिशवीत कंगवा आणि टॉवेल टाकला, चप्पल घातली. दगडाबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांच्या सुनेनं सकाळपासून दोनदा निरोप पाठवला होता. डब्यात सकाळचे धपाटे होते, त्यातला एक घेऊन जा म्हणून मी सुचवलं, म्हातारीला आवडतात. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी डब्याचं झाकण परत लावलं. डॉक्टरनं काय खायला सांगितलंय ते आधी विचारीन, म्हणाली, आणि दाराला कडी घालायला मला सांगून ती भराभरा निघून गेली.